ठाण्याचा किल्ला, २८ डिसेंबर १७७४ : शिबंदीच्या कत्तलीचे कायदेशीर परीक्षण

२८ डिसेंबर १७७४ च्या संध्याकाळी मुंबईहून आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला आणि आतल्या मराठी शिबंदीतली, म्हणजे किल्ल्याच्या रक्षक फौजेतली, बहुतेक माणसे कापून काढली. तोच किल्ला आज ठाणे मध्यवर्ती कारागृह म्हणून उभा आहे. जिल्हा न्यायालयात ये-जा करणारे आम्ही वकील त्याच्या तटाच्या आसपास रोज वावरतो आणि आतला कोणता कच्चा कैदी कोणत्या कलमाखाली आहे याची चर्चा करतो. त्याच तटाच्या आत अडीचशे वर्षांपूर्वी जे घडले त्याला कोणता कायदा लागू होता, आणि आज तसे घडले तर कोणता लागेल, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. काही कनिष्ठ वकील आणि ठाणे, कळवा परिसरातले निवृत्त सैनिक यांच्या अभ्यासवर्गात हे प्रकरण मी मांडले होते, त्याचे हे सविस्तर टिपण आहे.

प्रश्न एका वाक्यात सांगता येतो. युद्धात शत्रूच्या सैनिकाला ठार मारणे कायदेशीर कशामुळे ठरते आणि नेमक्या कोणत्या क्षणी ते कायदेशीर राहत नाही? आजच्या एखाद्या चकमकीचे उदाहरण घेतले की आपण आधी बाजू ठरवतो आणि मग कायदा शोधतो. ठाण्याच्या किल्ल्याचे प्रकरण त्या मानाने शांतपणे तपासता येते. शिवाय या प्रश्नाच्या जवळजवळ सगळ्या पायऱ्या इथे दोन रात्रींत घडलेल्या दिसतात.

घटनाक्रम

१७३७ साली मराठ्यांनी ठाणे पोर्तुगीजांकडून घेतले आणि त्याबरोबर साष्टी बेटही त्यांच्याकडे आले. मुंबईच्या इंग्रजांना साष्टी आणि वसई फार पूर्वीपासून हवी होती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, रघुनाथराव आणि बारभाई यांचा झगडा सुरू झाला आणि मुंबईच्या कौन्सिलला संधी दिसली. रघुनाथरावांशी बोलणी चालू होती, पण साष्टी आणि वसई देण्यास ते तयार होत नव्हते. त्यातच आपला गेलेला मुलूख परत घेण्यासाठी पोर्तुगीजांचे आरमार येत असल्याची खबर आली. ते पोहोचण्याआधी ठाणे घ्यावे असे कौन्सिलने ठरवले आणि १२ डिसेंबर १७७४ रोजी जनरल रॉबर्ट गॉर्डनच्या हाताखाली फौज निघाली. तोफखान्यासह सुमारे सहाशे गोरे सैनिक, हजार देशी शिपाई आणि तोफांच्या कामासाठी दोनशे खलाशी एवढे तिचे बळ होते.

२० डिसेंबरला मोर्चांवरून तोफा सुरू झाल्या आणि आठवड्याभरात तटाला खिंडार पडले. २७ च्या रात्री इंग्रजांनी खंदक बुजवण्याचा प्रयत्न केला, तो शिबंदीने हाणून पाडला. त्यात मेलेले आणि जखमी मिळून इंग्रजांचे सुमारे शंभर गोरे सैनिक निकामी झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा हल्ला झाला, किल्ला पडला आणि शिबंदीचा मोठा भाग मारला गेला. इंग्रजांच्या बाजूने कमोडोर जॉन वॉटसन या वेढ्यात प्राणास मुकला. पुढे सगळी साष्टी इंग्रजांच्या ताब्यात गेली. मार्च १७७५ मध्ये रघुनाथरावांशी सुरतेचा तह झाला, १७७६ मध्ये पुरंदरचा आणि १७८२ मध्ये सालबाईचा. या सगळ्या तहांच्या उलाढालीत साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

ही हकिकत आपल्यापर्यंत मुख्यतः ग्रँट डफच्या १८२६ सालच्या मराठ्यांच्या इतिहासातून आली आहे. तो स्वतः कंपनीच्या लष्करातला अधिकारी होता. शिबंदी कापून काढल्याचे तो एका वाक्यात लिहितो, त्याचे समर्थन करत नाही आणि दोषही देत नाही. पुराव्याच्या कायद्यात स्वतःच्या पक्षाविरुद्ध जाणाऱ्या कथनाला विशेष वजन असते, म्हणून या वाक्याला मी कबुलीच्या जवळचे मानतो. ज्या तटस्थपणे ते लिहिले गेले आहे त्यावरून त्या काळच्या लष्करी माणसाला यात अपवादात्मक काही वाटत नव्हते, हेही दिसते. या दुसऱ्या गोष्टीकडे पुढे यावे लागेल.

हल्ला अन्यायाचा होता, म्हणून प्रत्येक वध खून ठरतो का?

अभ्यासवर्गात पहिला आक्षेप हाच आला, आणि तो रास्त होता. युद्ध पुकारलेले नव्हते, तह झालेला नव्हता, ज्याच्याशी बोलणी चालू होती त्याचीच जागा बळकावण्यासाठी फौज पाठवली गेली. कलकत्त्याचे नवे वरिष्ठ कौन्सिल ऑक्टोबर १७७४ मध्ये कामाला लागले होते आणि १७७३ च्या नियामक कायद्याने युद्ध आणि तह या बाबतींत मुंबई त्याच्या देखरेखीखाली आली होती. त्या कौन्सिलने पुढे मुंबईकरांचे हे युद्ध अन्याय्य ठरवले आणि सुरतेचा तहही अमान्य केला. म्हणजे आक्रमण बेकायदा होते असे म्हणण्यास कंपनीच्याच घरातला आधार आहे.

तरीही त्यावरून खंदकाशी लढणारा प्रत्येक इंग्रज शिपाई खुनी ठरत नाही. युद्ध का सुरू केले हा प्रश्न राज्यकर्त्यांना विचारायचा असतो; युद्धात कसे वागला हा सैनिकाला. युद्धाचा कायदा या दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवतो, आणि तसे करण्यात शहाणपण आहे. ज्याची बाजू अन्यायाची त्याच्या सैनिकांना कोणतेच संरक्षण नाही असे एकदा मानले, की प्रत्येक पक्ष आपलीच बाजू न्याय्य समजून समोरच्या कैद्यांचे गळे कापायला मोकळा होतो. म्हणून नियम दोन्हीकडच्या सैनिकांना सारखाच लागतो. इंग्रज शिपायाला लढण्याची मुभा होती, तशीच मराठी शिबंदीलाही होती. आणि शरण आल्यावर जिवाची हमी दोघांनाही सारखीच हवी.

२७ डिसेंबरची रात्र

शांततेच्या काळात माणूस मारणे हा गुन्हा आहे आणि मारणाऱ्याला अपवाद सिद्ध करावा लागतो. पोलिसालाही तोच नियम लागू आहे. अटक करताना ज्याच्यावर मृत्युदंडाचा किंवा जन्मठेपेचा आरोप नाही त्याला ठार मारण्याचा अधिकार पोलिसाला मिळत नाही, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये आहे. बचावाचा हक्क सांगायचा तर त्या क्षणी धोका होता हे दाखवावे लागते.

युद्धातल्या सैनिकाचे गणित यापेक्षा मुळातच निराळे आहे. तिथे समोरच्या माणसाने वैयक्तिक काय केले हा प्रश्नच येत नाही. तो शत्रूच्या सशस्त्र दलाचा लढणारा घटक आहे, एवढ्यावर त्याच्यावर हल्ला करता येतो. तो झोपलेला असो, जेवत असो, चौकीकडे चाललेला असो किंवा माघार घेत असो, त्याच्याकडून त्या क्षणी धोका आहे हे दाखवावे लागत नाही. बदल्यात त्यालाही हीच मुभा आहे, आणि नियम पाळून लढल्याबद्दल पकडल्यावर त्याला शिक्षा करता येत नाही. ज्याला हे पटत नाही, त्याने सैनिकाच्या कामाचे स्वरूपच नाकारले असे मी म्हणेन.

२७ च्या रात्री खंदकात भर टाकणाऱ्या माणसाचा विचार करा. त्याच्या हातात त्या क्षणी कदाचित बंदूकही नव्हती. तटावरून त्याला गोळी घालणाऱ्या मराठी शिपायाने खून केला का? नाही. भर टाकणे हे हल्ल्याचेच काम होते आणि तो माणूस हल्ला करणाऱ्या फौजेचा भाग होता. त्या रात्रीचे इंग्रजांचे सुमारे शंभर मृत आणि जखमी हे शिबंदीच्या पूर्णपणे कायदेशीर लढण्याचे फळ होते. हा निष्कर्ष पक्का धरून ठेवणे आवश्यक आहे, कारण दुसऱ्या दिवशीच्या कत्तलीच्या समर्थनाला सर्वांत आधी हीच रात्र पुढे केली जाते.

२८ डिसेंबरची संध्याकाळ

खिंडारातून आत शिरताना काय घडते याची कल्पना पुस्तकी माणसाला येत नाही. वर्गात एका निवृत्त सुभेदारांनी मला मध्येच थांबवले. ते म्हणाले, “वकीलसाहेब, आत शिरणाऱ्या जवानाच्या मागून वीस जण ढकलत असतात. धूर असतो, अंधार पडत आलेला असतो. समोरच्याने हात वर केला की तलवार उचलली, हे ठरवायला त्याला श्वास घेण्याएवढाही वेळ नसतो. तुम्ही त्याला इथे बसून दोषी ठरवणार का?” हा प्रश्न टाळून या प्रकरणाचा निकाल देता येणार नाही, आणि त्याचे उत्तर कायद्यात आहे.

कायदा त्या जवानाकडे नंतर कळलेल्या गोष्टींच्या उजेडात पाहत नाही. त्या जागी, त्या वेळी उपलब्ध माहितीवर समंजस सैनिकाला जे दिसले असते, त्यावर त्याचे मोजमाप होते. शरणागती खरी असावी लागते आणि समोरच्याला कळेल अशा रीतीने व्यक्तही व्हावी लागते. मनातल्या मनात हार पत्करलेला, पण हातात तलवार घेऊन उभा असलेला माणूस अजून लढणाराच असतो. पळणाराही लढणाराच असतो, कारण पळून गेलेला उद्या पुन्हा दुसऱ्या बुरुजावर उभा राहतो. शिवाय हल्ला चालू असताना मध्येच थांबून “कोणाला शरण यायचे आहे का” असे विचारण्याचे बंधन हल्लेखोरावर नाही. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकन सैन्याच्या पहिल्या पायदळ डिव्हिजनने रणगाड्यांना लावलेल्या नांगरांनी इराकी खंदक बुजवले आणि त्यांत माणसे गाडली गेली, तेव्हा हाच वाद उठला होता. ज्यांनी शरणागती दाखवली त्यांना कैद केले, पण शरणागतीची वाट पाहत चढाई रोखण्याचे बंधन युद्धाच्या कायद्यात नाही, अशी भूमिका अमेरिकन संरक्षण खात्याने १९९२ मध्ये आपल्या संसदेपुढे ठेवली. ती भूमिका मला काळजात खुपते, तरीही कायदा म्हणून ती चूक आहे असे मला म्हणता येत नाही.

तेव्हा २८ च्या संध्याकाळी खिंडारात, तटावर आणि बुरुजांत हातघाईत पडलेली माणसे हा कायदेशीर युद्धातला वध होता. त्यांची संख्या मोठी असली तरी निष्कर्ष बदलत नाही, कारण शत्रुसैनिकांच्या संख्येवर कायद्याने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. प्रमाणबद्धतेचा नियम, म्हणजे हानी लष्करी फायद्याच्या मानाने अवाजवी नसावी हा नियम, आहे तो नागरिकांच्या होणाऱ्या हानीपुरता. किल्ल्यात नोकर-चाकर किंवा बायका-मुले असतील तर त्यांच्या बाबतीत तो लागू पडतो. शिबंदीच्या बाबतीत नाही.

पण किल्ला ही चारही बाजूंनी बंद जागा आहे. तट हातातून गेला, आत शत्रूची रांग उभी राहिली, किल्लेदाराचा हुकूम पोहोचेनासा झाला, की लढाई संपते आणि उरलेली माणसे कोपऱ्यांत, कोठारांत, पायऱ्यांवर सापडतात. कोणी हत्यार टाकतो, कोणी जखमी होऊन पडलेला असतो, कोणाला दोघांनी धरलेले असते. या माणसांचे कायदेशीर स्थान काही क्षणांपूर्वीच्या त्यांच्याच स्थानापेक्षा पूर्ण बदललेले असते. ज्या शिपायाला घटकेपूर्वी झोपेतही मारता आले असते, त्याला आता मारणे हा खून आहे. शिबंदीतल्या बहुतेकांचा एकाच संध्याकाळी जीव जातो आणि जिवंत कैदी थोडेच उरतात, तेव्हा सगळे हातघाईतच मेले हे मानणे कठीण होते. संख्या हा स्वतः गुन्ह्याचा पुरावा नव्हे. मात्र खुलासा करण्याचे ओझे ती हल्लेखोरांच्या अधिकाऱ्यांवर टाकते, असे माझे मत आहे.

त्या काळचा कायदा काय म्हणत होता?

“तेव्हाचे दिवसच तसे होते” हे उत्तर इथे हमखास दिले जाते. त्यात अर्धे तथ्य आहे. युरोपातल्या वेढायुद्धाचा एक रूढ प्रघात असा होता की चढाई करता येईल असे खिंडार पडल्यावर किल्लेदाराला शरण येण्यास सांगावे. त्याने ऐकले नाही आणि किल्ला हल्ला करून घ्यावा लागला, तर आतल्यांना जीवदान मागण्याचा हक्क नाही. या प्रघातामागे एक क्रूर हिशेब होता. हल्ल्यात हल्लेखोरांचे फार रक्त सांडते. तेव्हा भीतीने किल्ले आधीच खाली व्हावेत. ड्यूक ऑफ वेलिंग्टनने स्पेनमध्ये सिउदाद रोद्रिगो आणि बादाहोस हे किल्ले १८१२ मध्ये हल्ला करून घेतले आणि तिथल्या फ्रेंच शिबंदीला बहुतांशी कैद केले. १८२० साली त्याने लिहून ठेवले की हल्ल्याने घेतलेल्या किल्ल्याच्या रक्षकांना जीवदानाचा हक्क नसतो अशीच समजूत चालत आली आहे, आणि आपण पहिल्या किल्ल्याची शिबंदी कापली असती तर दुसऱ्यावर आपली इतकी माणसे गेली नसती. ग्रँट डफच्या वाक्यातली तटस्थता याच समजुतीतून आलेली आहे.

पण त्याच काळातले विचारी कायदेपंडित हा प्रघात मान्य करत नव्हते. स्विस विधिज्ञ एमेरिक द व्हातेल याने १७५८ मध्ये, म्हणजे ठाण्याच्या सोळा वर्षे आधी, स्पष्ट मांडले होते की शत्रूने हत्यार टाकले की त्याच्या जिवावरचा आपला अधिकार संपतो, आणि शेवटपर्यंत किल्ला लढवला एवढ्यासाठी किल्लेदाराला ठार मारणे हे न्यायाला धरून नाही. जो आपल्या धन्याशी इमान राखून लढला, त्याला त्या इमानाचीच शिक्षा कशी देणार, हा त्याचा मुद्दा आजही तितकाच बिनतोड आहे. आपल्याकडच्या धर्मशास्त्रातही हात जोडलेल्याला, शस्त्र गमावलेल्याला आणि “मी तुझा आहे” असे म्हणणाऱ्याला मारू नये असा नियम फार जुना आहे. तेव्हा “असा विचारच तेव्हा नव्हता” हे म्हणणे टिकत नाही. विचार होता, सोयीचा प्रघात त्याच्या आड आला.

आणि प्रघातही सगळीकडे सारखा नव्हता, याचा दाखला ठाण्यापासून खाडीच्या वाटेने जवळच असलेल्या वसईने दिला आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला, सुरुंगांनी तट फोडला, एकापाठोपाठ एक हल्ले केले. मराठ्यांच्या स्वतःच्या हिशेबानेही त्यांचे मृत आणि जखमी पाच हजारांच्या घरात होते. ठाण्यात इंग्रजांनी गमावलेल्या माणसांशी या आकड्याची तुलनाही होत नाही. सूड घ्यायचाच असता तर वसईत कारण कितीतरी मोठे होते. तरीही मे महिन्यात पोर्तुगीजांनी कौल मागितला तेव्हा तो दिला गेला, आणि त्यांची शिबंदी हत्यारांसह, निशाणांसह मानाने बाहेर पडली. वसई शेवटी बोलणीने खाली झाली आणि ठाणे हल्ल्याने पडले, हा फरक आहेच. प्रघाताचे समर्थक त्यावरच बोट ठेवतील. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की हजारो माणसे गमावल्यानंतरही सेनापती आपल्या फौजेला आवरू शकतो, हे पस्तीस वर्षे आधी याच परिसरात सिद्ध झालेले होते.

आजच्या कायद्याखाली

आज प्रघाताला जागाच उरलेली नाही. १९०७ च्या हेग नियमावलीच्या कलम २३ ने दोन गोष्टी स्पष्ट मना केल्या. एक, हत्यार टाकून किंवा बचावाचे साधन न उरल्याने शरण आलेल्या शत्रूला मारणे किंवा जखमी करणे. दुसरी, कोणालाही जीवदान दिले जाणार नाही असे जाहीर करणे. १९४६ मध्ये न्यूरेंबर्गच्या न्यायाधिकरणाने ही नियमावली सर्वमान्य रूढ कायदा असल्याचे म्हटले. १९४९ च्या चार जिनिव्हा करारांनी जखमी आणि युद्धकैदी यांना संरक्षण दिले. या करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या (पूरक कराराच्या) कलम ४० आणि ४१ मध्ये हेच आणखी स्पष्ट आहे; भारत त्या प्रोटोकॉलमध्ये सामील नाही, पण हा नियम रूढ कायद्याचा असल्याने भारतालाही तो लागूच आहे. १९७१ मध्ये ढाक्याच्या शरणागतीनंतर सुमारे त्र्याण्णव हजार पाकिस्तानी सैनिक आणि इतर लोक भारताच्या ताब्यात आले, त्यांना सांभाळले गेले आणि १९७४ पर्यंत परत पाठवले गेले. बांगलादेशात घडलेले अत्याचार ताजे असताना हे झाले. या गोष्टीचा मला भारतीय म्हणून अभिमान वाटतो.

आपल्या देशी कायद्यात १९६० चा जिनिव्हा करार अधिनियम आहे. करारांनी संरक्षण दिलेल्या माणसाचा हेतुपुरस्सर वध केल्यास त्याच्या कलम ३ खाली मृत्युदंड किंवा जन्मठेप होऊ शकते; मात्र सरकारच्या वतीने तक्रार आल्याशिवाय न्यायालयाला दखल घेता येत नाही. ही अट मला या अधिनियमातली मोठी उणीव वाटते, कारण ज्याच्या माणसांवर आरोप आहे त्याच्याच परवानगीवर खटला अवलंबून राहतो. एक बारीक मुद्दा कनिष्ठ वकिलांनी लक्षात ठेवावा. तिसरा जिनिव्हा करार सैनिक शत्रूच्या ताब्यात आल्यापासून लागू होतो. दहा पावलांवर हत्यार टाकून उभा असलेला माणूस अजून ताब्यात आलेला नसतो. त्याचे रक्षण हेगचा नियम आणि रूढ कायदा करतात, आणि देशी कायद्यात त्याचा परिणाम असा होतो की सैनिकाला वधाची मुभा देणारा आधारच निघून जातो. मग उरतो तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मधला साधा खून.

या रेषेचे आधुनिक उदाहरण म्हणून मी अलेक्झांडर ब्लॅकमन या ब्रिटिश मरीन सार्जंटचे प्रकरण वर्गात ठेवले. १५ सप्टेंबर २०११ रोजी अफगाणिस्तानातल्या हेल्मंड प्रांतात अपाचे हेलिकॉप्टरने एका तालिबानी बंडखोरावर १३९ गोळ्या झाडल्या. तो गंभीर जखमी होऊन शेतात पडला. ब्लॅकमनची तुकडी त्याच्यापर्यंत पोहोचली आणि ब्लॅकमनने पिस्तुलाची एक गोळी त्याच्या छातीत घातली. आपण आत्ताच जिनिव्हा करार मोडला, असे तो सोबत्यांना म्हणाल्याचे एकाच्या शिरस्त्राणावरच्या कॅमेऱ्याने टिपले. हेलिकॉप्टरच्या १३९ गोळ्यांबद्दल कोणावर खटला झाला नाही; या एका गोळीबद्दल नोव्हेंबर २०१३ मध्ये कोर्ट मार्शलने त्याला खुनाबद्दल दोषी ठरवले. २०१७ मध्ये अपिलात मानसिक आजारामुळे जबाबदारी कमी झाल्याचे मान्य होऊन खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरला आणि शिक्षा सात वर्षांवर आली. म्हणजे सवलत मिळाली ती त्याच्या मनःस्थितीबद्दल. गोळी घालणे कायदेशीर होते असे कोणत्याही न्यायालयाने म्हटले नाही. तो संघर्ष दोन राष्ट्रांमधला नव्हता आणि मरणारा नियमित सैनिक नव्हता, तरी पडलेल्या जखमीला मारण्याची मनाई तिथेही तशीच लागू झाली.

ठाण्यात आदल्या रात्री शंभर सोबती गमावलेल्या शिपायांच्या संतापालाही अशी सवलत मिळेल का, असे एका कनिष्ठ वकिलाने विचारले. गंभीर आणि आकस्मिक चिथावणीचा अपवाद खुनाच्या कलमात आहे, पण तो दोन कारणांनी इथे लागू पडत नाही. मधे पूर्ण दिवस गेलेला असल्याने आकस्मिकता उरत नाही. आणि कायद्याने दिलेल्या मुभेत राहून केलेली कृती चिथावणी मानता येत नाही, हे तत्त्व त्याच अपवादाच्या अटींमध्ये आहे. २७ च्या रात्री शिबंदीने जे केले ते पूर्ण कायदेशीर होते, हे आपण आधीच पाहिले. वरिष्ठाच्या हुकमाची ढालही अपुरी पडते. भारतीय न्याय संहितेचे कलम १४ हुकमानुसार गोळी झाडणाऱ्या सैनिकाला वाचवते ते हुकूम कायद्याला धरून असेल तरच, आणि लष्कर अधिनियमाचे कलम ४१ सैनिकाला कायदेशीर आज्ञेपुरतेच बांधते.

निष्कर्ष

२७ च्या रात्रीचे शिबंदीच्या हातून झालेले वध आणि २८ च्या संध्याकाळी प्रतिकार चालू असेपर्यंत इंग्रजांच्या हातून झालेले वध, दोन्ही कायदेशीर. प्रतिकार संपल्यावर हत्यार टाकलेल्या, जखमी किंवा धरलेल्या माणसांचे वध १७७४ च्या प्रघातात खपून गेले; पण त्या काळच्या चांगल्या कायदेविचाराला ते मान्य नव्हते आणि आजच्या कायद्यात ते निःसंशय खून आहेत. हल्ल्याच्या पहिल्या रांगेतल्या शिपायाला मी संशयाचा पूर्ण फायदा देईन. सुभेदारांचा मुद्दा त्याच्यापुरता मला मान्य आहे. तट हाती आल्यावर कोठारे आणि कोपरे धुंडाळणाऱ्या शिपायाला तो फायदा देता येणार नाही.

राहिला गॉर्डन. वर्गातल्या बहुतेकांचे मत त्याला आरोपी करावे असे पडले, पण केवळ सेनापती होता म्हणून तो दोषी ठरत नाही. त्याच्यावर आरोप ठेवायचा तर कोणाला जिवंत ठेवू नका असा हुकूम किंवा इशारा त्याने दिला हे सिद्ध व्हावे लागेल, किंवा कत्तल चालू असल्याचे त्याला कळले अथवा कळायला हवे होते आणि ती थांबवण्याची ताकद असूनही त्याने ती थांबवली नाही, हे तरी. १९४५ मध्ये जर्मन अधिकारी कुर्ट मायर याच्यावर कॅनडाच्या लष्करी न्यायालयात आपल्या सैनिकांना जीवदान न देण्यास चिथावल्याचा आरोप सिद्ध झाला, तो पहिल्या प्रकारचा. गॉर्डनच्या बाबतीत मी दुसऱ्या प्रकाराने आरोपपत्र मांडेन. किल्ला लहान होता, फौज त्याच्या हुकमाखाली होती, आणि शिबंदीचा मोठा भाग कापला जाण्यास एका कर्ण्याच्या इशाऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो.